भिंतीच्या पदाचा सूर

सांगलीत त्या नाटकाला कुणी नावानं हाक मारत नाही. घरातल्या थोरल्या माणसाला जसं नावानं बोलवत नाहीत, तसं. 'नाटक लागलंय' एवढं कानावर आल्यावर जो 'कुठलं?' म्हणून विचारतो, तो परगावचा समजावा.

गोष्ट तीन ओळींत सांगता येते आणि नाटकाला पाच तास लागतात. राजाची मुलगी मनाजोगतं लग्न करते. बाप चिडून जावयाला कैदेत टाकतो. मुलगी पाणी भरणारीच्या वेषात तुरुंगाच्या भिंतीपर्यंत पोचते, ती अलीकडून गाते, तो पलीकडून गातो. मग बाप विरघळतो आणि सगळे मिळून देवाचे आभार मानतात. तिसऱ्या अंकातलं ते भिंतीचं पद हा नाटकाचा जीव. त्या एका पदासाठी लोक मिरजेहून, तासगावाहून गाड्या जुंपून येत. पहिल्या अंकाला आडवा झालेला माणूससुद्धा भिंतीच्या पदाला शेजाऱ्यानं हलवून बसता केलेला असे.

मला या नाटकाचा राग होता, हे आधीच सांगून टाकते. माझी भाषा शाळेत घडली नाही, चळवळीत घडली. भूमिगतांची बुलेटिनं सायक्लोस्टाईलवर काढताना एक गोष्ट अंगवळणी पडली होती: वाक्याची कुणाच्या तरी कानफटात बसली पाहिजे, नाहीतर कागद फुकट. त्या बुलेटिनांपायी सहा महिने तुरुंगात काढून आलेल्या मुलीला तुरुंगाच्या भिंतीशी उभी राहून ताना घेणारी राजकन्या कशी पटावी? आम्हाला पलीकडच्या कोठडीतल्या बाईशी बोलायचं असलं तर जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, वाटी भिंतीवर आपटत असू. ती तिची पितळेची वाटी आपटून उत्तर द्यायची. तान कुणी घेतली नाही.

तर, नाटकाचा इतिहास. तो कुठं लिहिलेला नाही, म्हाताऱ्यांच्या भांडणांत आहे. पहिल्या कंपनीनं ते बसवलं तेव्हा पाहिलेले दोघेतिघे अजून होते. ते म्हणत, नाटक खरं तेच, पुढची सगळी नक्कल. कंपनी मोडली आणि तिच्यातल्याच माणसांनी काही वर्षांनी ते पुन्हा उभं केलं. माझ्या वडिलांनी ते साताऱ्याला पाहिलं. त्यांच्या मते खरं नाटक ते. मग तिसऱ्यांदा, मास्तरांच्या वेळचं. मास्तर म्हणजे आमच्या गावचे स्त्रीपार्टी नट, बाईचं काम करणारे. ते राजकन्येच्या वेषात रंगभूमीवर आले की बायका कामट्यांच्या चिकाच्या पडद्याआडून त्यांचा पदर न्याहाळत आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या गावभागात तसा पदर दिसे. पुढं बोलपट आले. थेटरात पांढरा पडदा टांगला गेला, आणि नाटकाचे रंगवलेले पडदे कुणाकुणाच्या घरी गाद्यांच्या खोळी झाले. आमच्या घरमालकिणीच्या गादीवर राजवाड्याचा एक खांब होता, अर्धा.

युद्ध संपलं होतं. स्वराज्य येणार येणार असं वर्तमानपत्रं रोज म्हणत होती. चारपाच वर्षांत एखादा खेळ लावणाऱ्या गावच्या नाट्यमंडळानं त्या हिवाळ्यात जाहीर केलं की नाटक पुन्हा होणार, आणि राजकन्या मास्तरच होणार. मास्तर तेव्हा साठीला टेकले होते.

मी पत्रक काढलं. एकपानी. साठीचा पुरुष सोळा वर्षांची नवरी होणार आणि खऱ्या बायकांनी पडद्याआड बसून बाई कशी चालते ते त्याच्याकडून शिकायचं, ही लाज कुणाची, असा मथळाच होता. बायका तुरुंगात चालतात, सभेत चालतात, शेतात तर पहिल्यापासून चालतात; फक्त रंगभूमीवर उभ्या राहिल्या की घराण्याला बट्टा कसा लागतो? मुंबईपुण्याकडे बायका उभ्या राहून जमाना झाला, सांगलीचं घोडं कुठं अडलं? शेवटी वन्समोरच्या रोगावरही चार ओळी होत्या: टाळी पडली की मेलेला माणूस उठून पुन्हा गातो, असल्या नाटकानं लोकांना काय शिकवायचं? खळ करून मी ते थेटरच्या दारावर, वाचनालयात आणि हळदपेठेत चिकटवलं.

तिसऱ्या दिवशी आण्णांचं बोलावणं आलं. आण्णा मंडळाचे अध्यक्ष, हळदीचे जैन व्यापारी. तालमी त्यांच्याच वखारीत चालत. नट दारात चपला काढत आणि घरी जाताना सगळ्यांचे तळपाय नवरदेवासारखे पिवळे. पदाच्या मध्येच कुणाला तरी शिंक यायची. तालीम दिवस मावळायच्या आत संपे, कारण आण्णा सूर्यास्तानंतर अन्न घेत नसत आणि आण्णा उठले की तालीम उठे. नाटकाचा खेळसुद्धा त्यांनी रविवारी दुपारी बाराला ठेवला होता. उपाशी राहायचं नाही आणि शेवटचा अंक सोडायचा नाही, म्हणून सांगलीनं भर दुपारी नाटक पाहायचं.

वखारीत पोत्यांच्या थप्पीला टेकून मास्तर बसले होते. माझं पत्रक त्यांच्या मांडीवर.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"अक्षर छान आहे. एक चूक आहे. साठ नाही, अजून अठ्ठावन्न."

आण्णा हसले. मी नाही हसले. मी भांडायच्या तयारीनं गेले होते.

"बाकी खरंय तुमचं," मास्तर म्हणाले. "मला तिसऱ्या अंकात खाली बसलं की उठवत नाही. मागच्या खेळाला भिंतीला धरून उठलो. कापडाची भिंत, ती माझ्याबरोबर वाकली. आता मला सांगा, माझ्या जागी उभं कोण राहणार? भाषण करणारी नको. गाणारी."

"माझी वहिनी गाते," मी म्हणाले.

वहिनी त्या वेळी शिवणाच्या वर्गात काज करत बसली होती. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं.

माझा थोरला भाऊ पलटणीत होता. युद्ध थांबलं तरी त्याची सुटका झाली नव्हती, समुद्रापलीकडून पत्रं येत. मी सांगलीत मुलींच्या शाळेत शिकवत होते, दोन खोल्या होत्या, म्हणून शिवण शिकायला त्यानं वहिनीला माझ्याकडे ठेवलं होतं. ती मेढ्याकडची, डोंगरातली. तिचे वडील भजनी मंडळात पेटी वाजवत. पोरगी शेजारी बसून बसून गळ्यात सूर घेऊन उठली. भाकरी थापताना ती असं काही गायची की खालच्या मजल्यावरच्या मालकीणबाई नळ बंद करून ऐकत.

तिला मी सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. ती कणिक मळत होती, ती मळत राहिली.

"किती माणूस आसतंय तितं?" तिनं विचारलं.

"सहासातशे."

"समदी सांगलीचीच?"

"बाहेरचीही येतात."

"यांना इचारून बघती," ती म्हणाली आणि हात धुऊन पत्र लिहायला बसली.

भावाचं उत्तर यायला महिना गेला. चार ओळी होत्या. तुला गाता येतं हे मला ठाऊक आहे, लोकांना ठाऊक झालं तर माझं काय जातं, असं होतं आणि फोटो काढला तर पाठव, असं होतं. वहिनीनं ते पत्र शिवणाच्या डब्यात ठेवलं. त्या दिवसापासून राजकन्या तिची. एखादी गोष्ट स्वतःची झाल्यावर माणूस कसं दिसतं ते मी तेव्हा पाहिलं. शिवणाच्या वर्गाला जाताना ती पदं पुटपुटत जायची आणि वाटेत कुणी हाक मारली तर राजकन्येसारखी मान वळवायची. ती लकब तिला मग सुटेना.

मास्तर दुपारी आमच्या खोलीवर शिकवायला येऊ लागले. पुरुषांच्या तालमी वखारीत, वहिनीची तालीम घरी. घरंदाज बाईनं पुरुषांच्या घोळक्यात तालीम करू नये असा मंडळाचा रिवाज ठरला. मी चिडून त्यावर लिहायला बसले, तर वहिनीनंच हात धरला. "ऱ्हाऊ द्या वन्सं. शिकताना चुका हुत्यात. माज्या चुका मला घरातल्या घरात बऱ्या."

पाय-पेटी एकच, तीही वखारीत. म्हणून मास्तर काखेत तंबोरा घेऊन यायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी वहिनीला आवाज लावायला सांगितला, डोळे मिटून ऐकलं, आणि खुंट्या पिळून तंबोरा तिच्या गळ्याला जुळवला. त्यानंतर दोन महिने तो तसाच लागत राहिला.

पदं तिनं भराभर घेतली. अडलं ते चालण्यात. मास्तरांनी कमरेवर घागर घेतली, एक खांदा उतरवला आणि खोलीतून अशी चाल केली की मी माझं पत्रक विसरून बघत राहिले. अठ्ठावन्न वर्षांचा, टक्कल पडलेला माणूस, धोतरावर, आणि सोळा वर्षांची पोर पाण्याला चाललेली मला स्पष्ट दिसली.

वहिनीला दिसली नाही. "मास्तर, आवं, घागर रिकामी हाय व्हय?"

"रिकामीच असते."

"तरीच. भरल्याली घागर अशी नाचत न्हाई. भरल्याली असली की हिकडचा पाय आदी टेकतुय, आन् मान ताठ ऱ्हाती. मान वळीवली की पानी सांडलं."

"पण मान वळवली की टाळी पडते," मास्तर म्हणाले.

"पडंना. पानी बी पडतंय."

मास्तरांनी घागर खाली ठेवली. "कसं ते दाखवा," म्हणाले. वहिनीनं खालच्या हौदावर घागर भरून आणली आणि खोलीत चालून दाखवली. मास्तर तिच्या मागून चालले, पाऊल मोजत, घागर नसलेल्या कमरेवर हात ठेवून. तीस वर्षं ज्यांनी गावाला बाई शिकवली ते त्या दुपारी मेढ्याच्या बाईकडून पाण्याला जायला शिकत होते. मी पत्रकात लिहिलं होतं ते हेच. पण ते असं, दोघांच्या मायेनं होईल हे काही मला लिहिताना सुचलं नव्हतं.

खेळ आठ दिवसांवर आला तेव्हा वहिनी पहिल्यांदा वखारीत आली. पाय-पेटीवाले बुवा पेटीशी. कचेरीतले कारकून, वीस वर्षं नायकाचं काम करणारे, तुरुंगाच्या जागी रचलेल्या हळदीच्या पोत्यांपलीकडे उभे. वहिनी अलीकडे. मास्तर मध्ये. आण्णांनी मान हलवली. बुवांनी सूर दिला.

वहिनीनं तोंड उघडलं आणि पहिल्याच ओळीला तिचा आवाज कुठंतरी बुडाला. खालचे शब्द ऐकूच येईनात. ती थांबली. बुवांनी पुन्हा सूर दिला. या खेपेस तिनं वरून धरायला पाहिलं, तर तानेला आवाज चिरकला. पोत्यांमागून कारकून डोकावले. "काय झालं?"

झालं होतं ते असं. पेटीवर काळ्या पट्ट्या असतात, पांढऱ्या असतात. गाणारा आपल्या गळ्याप्रमाणे एक पट्टी धरतो आणि सगळं गाणं तिच्यावर उभं राहतं. मास्तरांची पट्टी काळी दोन. नायकाचीही काळी दोन. दोघे पुरुष, दोघांना एकच सूर पुरत होता. आणि वहिनी बाई. तिचा गळा काळी पाचचा. दोन महिने ती घरी तंबोऱ्यावर काळी पाचमध्ये शिकली होती, तेच दोन महिने वखारीतले नट काळी दोनमध्ये तालीम करत होते, आणि रिवाज पाळण्याच्या नादात दोन्ही तालमी एकमेकींना कधी भेटल्याच नव्हत्या. बायकांनी रंगभूमीवर यावं म्हणून मी पान भरून लिहिलं होतं. बाईचा सूर बाईचा असतो ही ओळ त्यात नव्हती.

"पेटी काळी पाचला घ्या," मी म्हणाले.

बुवांनी घेतली. कारकुनांनी प्रयत्न केला. त्यांचा कोंबडा झाला, आणि हमाल हसले.

बुवांनी भाता सोडला. "बाई, हे नाटक काळी दोनचं आहे. माझ्या वडिलांनी हाच सूर दिला, मी हाच देतो. पहिल्यापासून हाच आहे. गळ्यासाठी नाटक हलवायचं नसतं."

आण्णांनी दाराबाहेर उन्हाकडे पाहिलं. "अक्का, वाईट मानू नका," ते वहिनीला म्हणाले. "आठ दिवसांत काय होणार? या खेपेला मास्तर उभे राहतील. पुढच्या खेळाला बघू."

मास्तर जमिनीकडे बघत होते. मीच बोलले, पुष्कळ बोलले. तुम्हाला बाई नकोच होती, पेटीचं निमित्त मिळालं, असं बोलले. बुवांना पट्टीचा गुलाम म्हणाले. वहिनीनं घागर उचलली आणि ती चालू लागली, म्हणून मला थांबावं लागलं.

नदीच्या घाटाच्या रस्त्यानं येताना मी नव्या पत्रकाची वाक्यं मोठ्यानं जुळवत होते. मथळा जमला होता. वहिनी म्हणाली, "वन्सं, जरा गप ऱ्हाता?"

मी वाक्य अर्धंच सोडलं.

"ह्यात घातलं तवा तुमी मला इचारलं न्हवतं. आता भांडताय, ते बी न इचारता. काम माजं गेलंय. माजं भांडन मला करू द्या की."

जमलेला मथळा मी तिथंच सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मास्तरांच्या घरी निघाली. "तुमी चला," म्हणाली, "पर बोलू नगा." मी गेले आणि उंबऱ्याशी बसले.

मास्तर ओसरीत शेंगा फोडत होते. वहिनी समोर बसली, तिनंही शेंगा हातात घेतल्या आणि फोडायला लागली.

"मास्तर, पयल्या दिशी तुमी माजा सूर हेरला. तंबोरा त्याला लावला. तवाच तुमाला ठावं आसंल की ह्यो पेटीचा सूर न्हवं."

मास्तरांचे हात थांबले. ते खोटं बोलतील असं मला वाटलं. नटाला अवघड नसतं.

"ठाऊक होतं," ते म्हणाले. "पहिल्या ओळीला कळलं."

"मग बोलला न्हाई."

"नाही बोललो. म्हटलं, शिकवतोय तर शिकवू. शेवटी पेटीशी गाठ पडेल तेव्हा अडेल. अडलं की मलाच बोलावतील." त्यांनी शेंगदाणे परडीत टाकले. "शेवटची एकदा."

आत त्यांची बायको भांडी घासत होती, तिचाही आवाज थांबला. पत्रकासाठी याहून चांगला मजकूर मला जन्मात मिळाला नसता. मी उंबऱ्यावर दात आवळून बसले.

वहिनी चिडली नाही. "बोलीवलं की मग त्यांनी," ती म्हणाली. "गुडघं कसं हायती?"

मास्तर आधी तिच्याकडे बघत राहिले आणि मग हसू लागले, खांदे हलवत, आवाज न करता. आतून त्यांच्या बायकोनं उत्तर दिलं, "रात्रभर तेल चोळतेय मी. विचार त्यांना कसे आहेत."

"उठा," मास्तर स्वतःलाच म्हणाले आणि खांबाला धरून उठले. "वखारीत चला. बुवांना माझं काही सांगायचं राहिलंय, तीस वर्षं."

ते त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, पोत्यावर बसून. पहिल्या कंपनीत राजकन्या करणारा नट कोवळ्या आवाजाचा होता, नाटक तेव्हा पांढरी चारमध्ये होतं. त्याच्यानंतरच्यानं तेच धरलं. मग मास्तर आले. दोन वर्षं पांढरी चार गायले आणि रोजच्या ताणानं त्यांचा आवाज फुटला. भिंतीच्या पदाला वर पोचेनात. कंपनी काढून टाकणार होती. तेव्हा बुवांच्या वडिलांनी एका मुक्कामात, कुणाला न विचारता, पेटी दोन पट्ट्यांनी खाली आणली. प्रेक्षकांना कळलं नाही. नायकाला गायला सोपं गेलं, तोही बोलला नाही. "काळी दोन हा नाटकाचा सूर नाही," मास्तर म्हणाले. "तो माझा आहे. माझ्यासाठी उतरवला. मी गप्प बसलो, कारण परंपरा म्हटलं की मान मिळतो, आणि गळा फुटला म्हटलं की दया."

सगळे बुवांकडे बघायला लागले. बुवा धोतरानं पेटी पुसत होते.

"बुवा," आण्णा म्हणाले, "हे खरं?"

"वडील गेले त्याच्या आदल्या दिवशी मला म्हणाले होते," बुवा म्हणाले. "आणि म्हणाले, मास्तर आहेत तोवर बोलू नकोस. मी म्हटलं, आहेत ना अजून."

आता पुढचं काम उरलं, ते सोपं नव्हतं. राजकन्येची एकटीची पदं काळी पाचला गेली, नायकाची काळी दोनला राहिली, तोवर ठीक. पण भिंतीच्या पदात दोघं. मास्तर आणि बुवा तीन दिवस पेटीपाशी बसून होते. आण्णांची सून दुपारचा चहा तिथंच पाठवायची. शेवटी बुवांच्याच लक्षात आलं की काळी पाच म्हणजे काळी दोनचा पंचम. नायकाचा पाचवा स्वर तोच वहिनीचा पहिला. तबला काळी पाचला लावला तर दोघांनाही चालतो. तो आपल्या सुरात एक ओळ गाईल, ती आपल्या सुरात उत्तर देईल, पेटी मधल्या मधे पूल करील.

कारकुनांना पटेना. "एकमेकांचा सूर मिळायला नको? नवराबायको आहेत. आजवर एकाच सुरात गात आलो."

मी बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण हे मला ठाऊक असलेलं होतं. मी त्यांना वाट्यांचं सांगितलं. माझी जर्मनची, पलीकडची पितळेची. दोन्हींचा आवाज वेगळा, म्हणून तर कळायचं की पलीकडे दुसरं माणूस आहे. आपल्याच वाटीचा आवाज परत आला असता तर तो नुसता भिंतीचा घुमारा झाला असता. कारकून विचारात पडले. कचेरीतल्या माणसाला पुरावा लागतो. तो बहुतेक मिळाला. त्या दिवशी त्यांनी पोत्यांमागून पद म्हटलं, वहिनीनं उत्तर दिलं, आणि दारातले हमाल या खेपेस हसले नाहीत.

रविवारी थेटर भरलं. कौलांच्या फटींतून उन्हाचे कवडसे रंगभूमीवर पडत होते आणि राजवाड्यात भर दुपार होती. वहिनीच्या वेणीला मी स्वतः गजरा बांधला. "वन्सं," ती म्हणाली, "मी चुकली तर मला सांगा. लिवू नगा."

मास्तर पडद्याआत थांबले नाहीत. तिकडं थांबलो तर माझे ओठ हलतील, म्हणाले, आणि पुढं प्रेक्षकांत, आण्णांशेजारी जाऊन बसले. इतकी वर्षं नाटक केलं, समोरून कधी पाहिलं नव्हतं. नायकाच्या कैदेचा प्रवेश चालू असताना ते आत लुगडं बदलत असत. तो प्रवेश त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला, आणि आण्णा सांगतात, 'याला खरंच मारतात होय' असं त्यांनी हळूच विचारलं.

भिंतीच्या पदाला वहिनी आली. मान ताठ. लोक सुरुवातीला गोंधळले, हा सूर त्यांच्या कानातला नव्हता. मागं कुणी तरी 'पेटी चुकली' असं म्हणालं. मग पलीकडून उत्तर आलं आणि थेटर गप्प झालं. मी विंगेत उभी होते. संगीतातलं मला कळत नाही, कधी कळणारही नाही. पण भिंतीच्या दोन बाजूंना दोन माणसं आहेत एवढं मला तिथं ऐकू आलं, आणि त्या कोठडीतल्या बाईची आठवण येऊन मला समोरचं काही दिसेना.

पद संपलं. पहिला वन्समोर मास्तरांनी दिला. जन्मभर तो घेत आलेला माणूस, त्यानं तो कधी दिला नव्हता. पुटपुटल्यासारखा दिला, दोन रांगांना ऐकू आला. मग आण्णांनी, मग मिरजकरांनी, मग चिकाच्या पडद्याआडून बायकांनी. बुवांनी रिवाजाप्रमाणे पदाची सुरुवात पुन्हा वाजवली. कारकून पलीकडे पुन्हा बेड्या सावरून उभे राहिले.

वहिनीनं घागर कमरेवर घेतली आणि ती निघून आली.

सरळ विंगेत. बुवा दोन ओळी वाजवून थांबले. पुढं काही लोक टाळ्या वाजवत राहिले, काही 'काय हे' म्हणाले. प्रवेश पुढं सरकला. अंक पडल्यावर आण्णा आत आले, मागून मास्तर, भिंतीला न धरता, घाईनं.

"अक्का, वन्समोर आला होता," आण्णा म्हणाले. "ऐकू नाही आला?"

"आला की."

"मग? सांगलीत भिंतीच्या पदाला वन्समोर नाकारलेला मी ऐकला नाही."

"आवं आण्णा, त्यो आत, मी भायेर, पहारेकरी हितं दहा पावलांवर. चोरून बोलायला आल्याली बाई मी. एकदा बोलून निसटंल का तितंच हुबी ऱ्हाऊन परत परत सांगंल? पकडत्याल न्हवं तिला."

आण्णांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर वहिनीकडे बघत होते.

"मी तिथं तीनतीनदा गात होतो," ते म्हणाले. "लोक म्हणतील तितका वेळ. पहारेकरी आहे हे मला कधी..." त्यांचा हात सवयीनं तिचा पदर सारखा करायला पुढं आला, खांद्यापाशी थांबला आणि मागं गेला.

"मास्तर, वाट सोडा," वहिनी म्हणाली. "घंटा झाली."

मास्तर बाजूला झाले, आणि ती रंगभूमीवर गेली.